तिसरा पट्टा

माणसाचा जीव शेवटी एका गोळीवर टांगलेला असतो.

शिट्टीबाई हे वाक्य दर फेरीला मनाशी म्हणत असे, आणि दर फेरीला त्याच क्षणी समोरच्या बाकावर कोणीतरी जांभई देत असे. गोळी म्हणजे औषधाची नव्हे, बंदुकीची तर नव्हेच. दाबलेल्या भुकटीची पांढरी चकती, खोकल्याच्या गोळीएवढी. पाण्यात विरघळणं एवढंच तिचं कर्तृत्व. त्या कर्तृत्वाच्या जोरावर ती प्रत्येक जॅकेटात बसली होती आणि शिट्टीबाई ते जॅकेट हातात घेऊन बोटीच्या वरच्या मजल्यावर उभी होती.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं," ती माइकमध्ये म्हणाली.

प्रवाशांनी ते दिलं नाही. एक गृहस्थ कान कोरत होते, ते कोरत राहिले. एका बाईने मुलाचं तोंड पुसायला घेतलं होतं, तिने तोंड संपल्यावर मान पुसायला घेतली.

जॅकेट दिसायला गळ्यात अडकवलेल्या जाडसर पट्ट्यासारखं. आत घडी घातलेली पिशवी, पोटाशी वायूची छोटी नळकांडी, नळकांडीच्या तोंडाशी सुई, सुईमागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगला अडवून बसलेली ती गोळी. पाण्यात पडलात की गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई नळकांडीला भोक पाडते आणि दोन-चार श्वासांत पिशवी टम्म फुगते. गोळी विरघळली नाही, तर पोटाशी लोंबणारी लाल मूठ जोरात ओढायची. मूठ ओढूनही काही झालं नाही, तर खांद्यापाशी नळी आहे, तिच्यात तोंडाने फुंकायचं.

"आणि तेही झालं नाही तर?" असं एका आजोबांनी एकदा विचारलं होतं.

"तक्रारपेटी पलीकडच्या धक्क्यावर आहे," सुकाणी वरच्या खोलीतून म्हणाला होता. इतक्या वर्षांत प्रवाशांकडून आलेला हा एकमेव प्रश्न, आणि तोसुद्धा वाया गेला.

"जॅकेट कपड्यांच्या वरून घालावं. कोटाच्या आत घालू नये." कोटाच्या आत ते फुगलं तर एक तर कोट फाटतो, नाहीतर बरगड्या. "खालच्या बंद केबिनमध्ये मूठ ओढू नये. आधी बाहेर यावं." केबिनमध्ये पाणी शिरलं आणि तुम्ही आधीच फुगून बसलात, तर तुम्ही छताला चिकटता आणि दार राहतं खाली. "लहान मुलांसाठी वेगळी जॅकेटं आहेत. ती मागच्या पेटीत आहेत." मुलाने पेटीकडे पाहिलं. आईने त्याची मान पुन्हा सरळ केली.

मग यायचा तो पट्टा.

तो जॅकेटच्या पाठीमागून लोंबतो. दोन्ही पायांच्या मधून पुढे आणून त्याला आकड्यात अडकवायचं. अडकवलं नाही, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट तेवढं वर येतं आणि माणूस खालीच राहतो. म्हणजे सगळा खटाटोप त्या पट्ट्यासाठी. परंतु कंपनीने शिट्टीबाईला गणवेश म्हणून गुडघ्याखाली येणारा घट्ट स्कर्ट दिला होता आणि जॅकेटला हा पट्टा. दोघांची गाठ पडण्याची काही सोय नव्हती. त्यामुळे शिट्टीबाई पट्टा दोन बोटांनी धरून हवेत एक अर्धवर्तुळ काढी आणि म्हणे, "खालचा पट्टा लावून घ्यावा." खालचा म्हणजे कुठला हे तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पाहणाऱ्याला वाटे, बाई माशी हाकलतेय.

शेवटी ती जॅकेटला बांधलेली शिट्टी ओठांशी नेई आणि खाली घेई. शिट्टी दाखवावी, वाजवू नये, असा नियम होता. न वाजवलेल्या शिट्टीवरून तिला हे नाव पडलं होतं.

आज हे सगळं करण्याचा तिचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून तिचा आवाज एकटाच कामावर येणार होता. तो भरून झाला होता, पेटीतून वाजणार होता. तिची बदली धक्क्यावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली होती. तिथे छत्र्या होत्या आणि बसायला खुर्ची होती. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांत गोळे येत, मान आखडे. हल्ली थकवा रात्री झोपून उठल्यावरही जागच्या जागी सापडे, खुंटीवर टांगून ठेवल्यासारखा. खुर्चीचं तिला वाईट वाटत नव्हतं.

वाईट वाटत होतं ते एवढंच, की ती खोली काठावर होती आणि नवरा बोटीवर.

माइक खाली ठेवून ती कठड्याशी आली. खाली बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जिथून माणसं चढतात-उतरतात त्या लोखंडी फळीजवळ, तिचा नवरा दोराचं वेटोळं घालत होता. बोटीवर सगळे त्याला काका म्हणत. काका जॅकेट घालत, कारण न घातलं तर सुकाणी ओरडे. पण मागचा पट्टा त्यांनी गुंडाळून पॅन्टच्या मागच्या खिशात खोचला होता. खिशातून त्याचं टोक शेपटासारखं बाहेर आलं होतं.

सकाळी घरी यावरूनच झालं होतं. त्याला भांडण म्हणणं जास्त होईल. भांडायला दोन माणसं लागतात आणि काका त्या वेळी बूट घालत होते.

"आज तरी लावाल का?" तिने डब्याचं झाकण दाबत विचारलं.

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितेय."

"मला पोहता येतं."

"येत होतं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना पोहता येत नाही. मी विचारलं होतं."

गेल्या वर्षी काकांची छाती उघडून पुन्हा शिवली होती. पोहायचं नाही, जड उचलायचं नाही, जिना सावकाश, असं तीन-तीनदा बजावून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. काकांनी कंपनीत सांगितलं, पोटाचं काहीतरी होतं. छातीचं म्हटलं असतं तर दोर हातातून गेला असता. शिट्टीबाईनेही पोटाचंच म्हटलं. नवरा-बायकोचं इतकं एकमत लग्नानंतर प्रथमच झालं होतं.

"वाकलं की काचतो तो," काका दुसऱ्या बुटाकडे वळून म्हणाले. "आणि पोरं हसतात. काका, लंगोट घट्ट झालाय का म्हणून विचारतात."

"हसू देत की. हसून कोणी बुडत नाही."

"तू स्वतः कधी लावलायस?"

 तिने डबा पिशवीत घातला. काका उठले आणि जिना सावकाश उतरले. तेवढं एक ते ऐकत, कारण त्यात त्यांना पर्याय नव्हता.

आवाज भरण्याचं काम झालं होतं मागच्या आठवड्यात, जॅकेटांच्या गोदामात. चहूबाजूंनी जॅकेटं टांगलेली असल्यामुळे तिथे आवाज घुमत नसे. तिथे पाणी प्यायला बंदी होती. नवी जॅकेटं आली तेव्हा एक समारंभ झाला होता, आणि मोठे साहेब जॅकेट घालून भाषणाला उभे राहिले असताना त्यांच्या कपातला चहा पोटावर सांडला. गोळीला पाणी आणि चहा यांतला फरक कळत नाही. फस्स झालं, जॅकेटाने साहेबांना गळ्याशी मिठी मारली आणि त्यांना हातातला कागद दिसेना. भाषण आटोपतं घ्यावं लागलं. त्या जॅकेटांनी वाचवलेले पहिले जीव ते.

सुरक्षा अधिकारी तरुण आणि भला होता. मजकूर त्याने स्वतः लिहिला होता आणि तो वरून तपासून आला होता.

"बाई, एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी इथे 'जांघेतला पट्टा' लिहिलं होतं. वरून ते खोडलंय."

"का?"

"बोटीत कुटुंबं असतात म्हणे."

"कुटुंबांनाही लागतो तो पट्टा."

"मला पटतंय हो. मी 'मांड्यांमधला' सुचवलं. ते म्हणाले, त्याने तर आणखीच डोळ्यांपुढे येतं."

"दोन्ही पायांमधला?"

"तेही कळवलं. कोणाचे पाय ते स्पष्ट होत नाही, असं उत्तर आलं." त्याने कागद सरळ केला. "शेवटी 'तिसरा पट्टा' ठरलंय."

शिट्टीबाईने शेजारी टांगलेल्या जॅकेटकडे पाहिलं. "पहिले दोन कुठले?"

"पहिला छातीचा," अधिकारी म्हणाला. मग तो बराच वेळ जॅकेट उलटंसुलटं करून बघत राहिला. "दुसरा असेलच."

दुसरा नव्हता. छातीवरचा एक आणि हा एक, एवढेच दोन पट्टे. पण मजकुरावर सही झाली होती. शिट्टीबाई म्हणाली, "तिसरा पट्टा लावून घ्यावा." एका दमात, चुकली नाही. अधिकाऱ्याने अंगठा वर केला. आपण वर्षानुवर्षं 'खालचा' म्हणत आलो, आता 'तिसरा'. पट्टा बिचारा आहे तिथेच आहे, असं तिच्या मनात आलं आणि पाय दुखत होते म्हणून लगेच गेलंही.

दुपारच्या याच फेरीला वारा सुटला. ओहोटी होती. पलीकडच्या धक्क्यापाशी पाणी गढूळ, चहासारखं, तळाचा पत्ता नाही. बोट सपाट बुडाची, पण वाऱ्याने तिची नाळ दोनदा बाजूला ढकलली. सुकाण्याने यंत्र मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. प्रवासी नेहमीप्रमाणे बोट लागायच्या आधीच उठून उभे राहिले.

काका फळीच्या टोकावर दोर घेऊन वाकले. शिट्टीबाई वरून बघत होती. पट्ट्याचं टोक खिशातून निसटून लोंबत होतं. ती मनात म्हणाली, वाकू नका, आणि बोट धक्क्याला घासली, फळी हलली, आणि काका नाहीसे झाले.

फार मोठा आवाजही झाला नाही. पोतं पडावं तसा.

सुकाण्याने यंत्र बंद केलं. खालून पाण्यातून फस्स असा आवाज आला. गोळीने आपलं काम केलं होतं. पिवळाधमक फुगा पाण्यावर उसळून आला आणि लगेच दिसलं की फुगा एकटाच नीट वर आहे. काकांचं डोकं त्याच्या मध्ये नाकापर्यंत रुतलं होतं. कानांवर, गालांवर जॅकेट चढलं होतं आणि त्यांचे दोन्ही हात पाण्यावर नुसते आपटत होते.

प्रवासी कठड्याशी धावले. इतकी वर्षं ज्यांनी एक शब्द ऐकला नव्हता ते सगळे एकदम सांगायला लागले. पोहा. पोहू नका. दोर धरा. दोर फेका. लाल मूठ ओढा. एका गृहस्थांनी आपली छत्री पुढे केली. ती पाण्यापासून बरीच वर राहिली.

शिट्टीबाईच्या गळ्यात दाखवायचं जॅकेट तसंच होतं. तिने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. ती वाजते हे तिलाही तेव्हाच कळलं. सगळे गप्प झाले.

तिने माइक उचलला.

"अहो," ती म्हणाली.

माइकमधून 'अहो' ऐकून सगळी बोट वर बघू लागली. खाली पाण्यातलं तोंडही तिकडे वळलं. तिला किंचाळायचं होतं, पण माइक हातात आला की तिच्याकडे एकच आवाज होता, रोजचा, थकलेला. तोच आला.

"प्रवाशांनी मध्ये बोलू नये. अहो, इकडे लक्ष द्या. दोन्ही हातांनी जॅकेट खाली ओढा. छातीशी धरा. असं." तिने स्वतःचं धरून दाखवलं. "कोपरं अंगाला चिकटवा. हात आपटू नका."

काकांचे हात थांबले. ते वर आले, जॅकेटच्या कडा त्यांना सापडल्या, आणि त्यांनी त्या खाली ओढल्या. तोंड बाहेर आलं. ते खोकले.

"आता एका हाताने धरा. दुसरा मागे न्या. मागे पट्टा आहे."

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"खालचा," ती म्हणाली. "खालचा पट्टा."

काका हात मागे नेऊन कंबर चाचपू लागले. कंबरेला काही नव्हतं. हात पुन्हा जॅकेटवर गेला, तो जाताना जॅकेट वर सरकलं आणि तोंड पुन्हा पाण्यात गेलं.

"जांघेतला," शिट्टीबाई माइकमध्ये म्हणाली. "जांघेतला पट्टा. ढुंगणामागे लोंबतोय. दोन्ही जांघांमधून पुढे घ्या. तुमच्याच जांघांमधून. पुढे आकडा आहे, त्यात अडकवा."

बोटीत कुटुंबं होती. ती सगळी एकाग्रतेने ऐकत होती. कान कोरणाऱ्या गृहस्थांनी नकळत स्वतःच्या पॅन्टच्या मागे हात नेला. मुलाने आईला विचारलं, "जांघ म्हणजे?" आणि आईने त्याला खाली बोट करून दाखवलं.

पाण्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. काकांचा चेहरा मात्र दिसत होता. सुईत दोरा ओवताना होतो तसा झाला होता.

"सावकाश," ती म्हणाली. "जिन्यासारखं."

मग जॅकेट एकदम खाली बसलं. अर्धी वीत, जास्त नाही. काकांची हनुवटी, मान, गणवेशाची कॉलर, सगळं ओळीने बाहेर आलं. ते मागे रेलले आणि तरंगू लागले.

"आता गुडघे पोटाशी घ्या. मिठी मारा त्यांना. थंडी वाजत नाही त्याने. आता काही करू नका. कोणीतरी येईल."

त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. लग्नानंतर त्यांनी तिच्या सांगण्यावरून इतक्या ओळीने इतक्या गोष्टी कधी केल्या नव्हत्या. गाठोड्यासारखे ते गढूळ पाण्यावर डुलत राहिले, वर तिच्याकडे बघत. सुकाणी लांब काठीची आकडी घेऊन खाली धावला, त्याने जॅकेटच्या पाठीवरच्या दोरीत आकडी अडकवली आणि त्यांना फळीशी ओढून घेतलं. चौघांनी मिळून वर घेतलं.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शिट्टीबाईने माइकचं बटण बंद केलं, तो खुंटीला लावला आणि ती जिना सावकाश उतरली.

परतीच्या फेरीला ती प्रथमच बाकावर बसली. शेजारी काका, घोंगडीत गुंडाळलेले. ओठ अजून निळसर होते. हात छातीच्या शिवणीवर होता. नवं जॅकेट मांडीवर होतं. जुन्याची नळकांडी रिकामी झाली होती, तिच्या जागी नवी आणि नवी गोळी बसवल्याशिवाय ते आता नुसतं कापड होतं.

"आता कंपनीत छातीचं सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग."

"दोर जाईल."

"जाऊ दे. त्या तुझ्या खोलीत दुसरी खुर्ची आहे का?"

"मागून घेऊ."

सूचना द्यायला वर कोणी नव्हतं, म्हणून सुकाण्याने एक दिवस आधीच पेटीचं बटण दाबलं. शिट्टीबाईचा आवाज बोटभर पसरला. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. प्रवासी नवे होते, ते बाहेर बघत होते. फक्त काका ऐकत होते, मान तिरकी करून, जसं शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं. छातीचा पट्टा झाला. लाल मूठ झाली.

"तिसरा पट्टा लावून घ्यावा," पेटी म्हणाली.

"तिसरा कुठला?" काकांनी विचारलं.

तिने सांगितलं. मोठ्याने सांगितलं, समोरचा बाक वळून बघेल इतकं. काका घोंगडीतून उठले, जॅकेट चढवलं, पट्टा मागून पुढे घेतला आणि लावला. मग पुन्हा तिच्या शेजारी बसले. तो काचत असावा, कारण ते जरा वाकडे बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

या काठाला माणसं उतरून गेल्यावर सुकाणी हातात आकडी घेऊन तिच्यापाशी आला. काका पुढे धक्क्यावर पोचले होते, जिना असल्यासारखे सावकाश चालत.

"बाई, एक सांगू का," तो हळू आवाजात म्हणाला. "काकांना नका सांगू."

"काय?"

"ते पडले तिथे मी आकडी तळाला टेकवून बघितली." त्याने काठीवर जिथवर गढूळ पाण्याची खूण होती तिथे बोट ठेवलं आणि ती स्वतःच्या अंगाला लावून दाखवली.

पाणी कमरेएवढं होतं.